प्लग परत परत काळा पडतोय? जेटला हात लावण्याआधी फ्लोट लेव्हल बघा

तक्रार बहुतेकांची सारखीच असते. प्लग काढून घासला, गाडी चार दिवस सुरळीत चालली, पाचव्या दिवशी परत मिस मारायला लागली. मग एअर स्क्रू अर्धा फेरा बाहेर. दोन दिवस बरं वाटतं, परत तेच. मग पायलट जेट, म्हणजे स्लोला पेट्रोल देणारं बारीक भोक, एक नंबर लहान. आता गाडी स्लोला बरी चालते, पण रेस उघडली की क्षणभर दम खाते. मग स्लाइडच्या निडलची क्लिप एक खाच वर, मग पूर्ण रेसचा मेन जेट, आणि असं करता करता कार्बोरेटरमध्ये मूळचं काय होतं हेच आठवेनासं होतं.

मी या चक्रात अडीच महिने होतो. एका सिलिंडरची गाडी, साधा स्लाइडचा (रेसबरोबर वर-खाली होणाऱ्या पडद्याचा) कार्बोरेटर, त्यात अवघड असं काहीच नाही. तरी तीन मेन जेट आणि दोन पायलट जेट बदलून झाले. शेवटी वैतागून सगळं खोललं आणि जुनी फ्लोटची निडल डब्यातून शोधून काढली. फ्लोट म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीत पेट्रोलवर तरंगणारा तुकडा; तो वर आला की ही निडल पेट्रोल येण्याचं भोक बंद करते. जुनी आणि नवी काचेवर शेजारी शेजारी उभी केली तेव्हा लक्षात आलं, की रिपेअर किटमधून आलेली नवी निडल जेमतेम पाऊण मिलिमीटर आखूड आहे. नुसती हातात धरली असती तर कधीच कळलं नसतं. पण निडल आखूड असली की भोक बंद व्हायला फ्लोटला जास्त वर यावं लागतं, आणि त्या पाऊण मिलिमीटरपायी वाटीतलं पेट्रोल दोन मिलिमीटरहून जास्त वर उभं राहिलं होतं. मी वरून जेट बारीक करत होतो आणि खालून पेट्रोल जास्त येत होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) खालून वर लावत जायचं. आधी वाटीतली पातळी, नंतर जेट.

पातळीने इतका फरक का पडतो

जेट म्हणजे मोजून पाडलेलं भोक. त्यातून किती पेट्रोल जाणार हे भोकाच्या मापावर ठरतं, तसंच ते पेट्रोल ओढणाऱ्या दाबाच्या फरकावरही ठरतं. इंजिन हवा ओढतं, कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात दाब कमी होतो, आणि त्या ओढीने वाटीतलं पेट्रोल वर चढून नळीच्या तोंडातून फवारलं जातं. वाटीतल्या पृष्ठभागापासून त्या तोंडापर्यंतची चढण काही मिलिमीटरचीच असते. पातळी वर असेल तर चढण कमी, म्हणजे त्याच ओढीत जास्त पेट्रोल. पातळी खाली असेल तर उलट.

पेट्रोलच्या १ मिलिमीटर उंचीचा दाब साधारण ७ पास्कल भरतो. पूर्ण रेसला गळ्यातली ओढ हजारो पास्कलची असते, तिथे हा फरक बुडून जातो. रेस नुकती उघडताना, हळू चालताना ओढ कमकुवत असते आणि तिथे दोन-तीन मिलिमीटर भारी पडतात. म्हणून लेव्हल वर गेलेली गाडी गावात घाण चालते, प्लग काळा करते, आणि मोकळ्या रस्त्यावर मात्र बऱ्यापैकी पळते. त्यामुळेच माणूस फसतो आणि पायलट जेटच्या मागे लागतो.

कार्बोरेटर बनवणाऱ्याने जेटचे नंबर ठरवले ते पातळी अमुक इतकी असेल हे धरूनच. ती पातळीच हलली तर त्या नंबरांना काही अर्थ उरत नाही.

दोष जेटचा की लेव्हलचा

रेसच्या मुठीवर आणि शेजारच्या घट्ट भागावर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावा. बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. मग गाडी चालवताना दोष नेमका कुठे येतो ते बघा. स्पीडोमीटर आणि गिअरकडे लक्ष देऊ नका, मूठ किती उघडी आहे ते महत्त्वाचं. बंद ते एक अष्टमांश रेसपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रूचा अंमल असतो, पुढे पाव रेसपर्यंत स्लाइडच्या कापाचा, पाव ते पाऊणमध्ये स्लाइडच्या निडलचा आणि त्याच्या वर मेन जेटचा. एकाचा अंमल दुसऱ्यात थोडा मिसळतोच, पण जेट चुकलेला असेल तर दोष साधारण एकाच पट्ट्यात सापडतो. तो सगळीकडे पसरलेला असेल, खालच्या रेसला जास्त आणि वर जाताना विरत असेल, तर लेव्हलवर संशय घ्या.

आणखी काही खुणा अशा. पातळी वर असेल तर ब्रेक मारल्यावर किंवा उतारावर इंजिन गुदमरतं, गरम गाडी बंद करून पाच मिनिटांनी सुरू करायला गेलं की खूप किका माराव्या लागतात, ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडतो, पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येतो. पातळी खाली असेल तर चोक लवकर बंद करता येत नाही, रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटके येतात, प्लग पांढुरका निघतो, लांब चढावर गाडी एकदम अडते आणि रेस सोडली की परत धरते. कारण वाटीत साठाच कमी असतो आणि इंजिन तो भरण्यापेक्षा वेगाने संपवतं.

पातळी वर आहे असं वाटत असेल तर सगळ्यात आधी इंजिन ऑइलची काडी काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइल आपोआप वाढलं असेल तर गाडी सुरू करू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलं असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढा, इंजिन हाताने फिरवा, गळती थांबवून नवं ऑइल घाला, मगच पुढे.

खोलण्याआधी बघायच्या गोष्टी

एअर फिल्टर घाण आहे का आणि चोकचा दांडा पूर्ण बसतो का, हे दोन मिनिटांचं काम. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बंद असेल तर पंधरा-वीस मिनिटं चालून गाडी उपाशी पडते. तेव्हा झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो. कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबराला चीर असेल तर हवा जास्त जाते आणि गाडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) वागते.

एक फसवणूक मात्र सांगायलाच हवी. व्हॅक्युमवर (इंजिनच्या ओढीवर) चालणारा पेट्रोल कॉक असेल तर त्याची बारीक व्हॅक्युम नळी काढून आत बघा. आत पेट्रोलचा ओलावा असेल तर कॉकचा पडदा फाटला आहे आणि पेट्रोल कार्बोरेटरला वळसा घालून सरळ इंजिनात जातंय. अशा गाडीची फ्लोट लेव्हल आयुष्यभर लावत बसलात तरी ती रिचच (पेट्रोल जास्त, हवा कमी) राहणार.

आणि स्क्रू फिरवायचाच असेल तर आधी तो कुठला ते ओळखा. फिल्टरच्या बाजूला असलेला स्क्रू हवेचा, बाहेर काढला की लीन. इंजिनच्या बाजूला असलेला मिक्श्चरचा, बाहेर काढला की रिच. अर्धी मंडळी इथेच उलटं करून बसतात.

पारदर्शक नळीची तपासणी

माझ्या मते हीच खरी तपासणी, कारण इथे प्रत्यक्ष पेट्रोल कुठे उभं आहे ते दिसतं. खोललेल्या कार्बोरेटरवर आपण फक्त फ्लोट कुठे आहे ते मोजतो.

इंजिन थंड, जागा हवेशीर, जवळ आग नाही, बल्ब नाही. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी. साइड स्टँडवर कलती असताना घेतलेलं माप कचऱ्यात जमा. स्टँड नसेल तर कोणाला तरी धरायला लावा. वाटीच्या तळाशी पेट्रोल काढायची तोटी असते, तिला आतून निदान ५-६ मिलिमीटर व्यासाची पारदर्शक नळी लावा. फार बारीक नळीत पेट्रोल आपोआप वर चढतं आणि पातळी खोटी दिसते. नळीचं मोकळं तोंड कार्बोरेटरच्या वर ठेवा आणि नळी वाटीच्या मध्याजवळ अंगाला टेकवून धरा. मग कॉक सुरू करा, तळाचा स्क्रू फेरा-दीड फेरा सैल करा.

नळीत पेट्रोल चढताना दिसेल आणि एका जागी थांबेल. इंजिन दोन मिनिटं स्लोला चालू ठेवा, बंद करा, पेट्रोलचा पृष्ठभाग वाटी आणि बॉडीच्या सांध्याच्या किती खाली किंवा वर आहे ते पट्टीने मोजा. पृष्ठभाग कडेला वर वळलेला दिसतो, माप मधल्या खोलगट भागाचं घ्यायचं. नळी एकदा खाली नेऊन परत वर आणली तर ते माप धरू नका. खाली नेताना नळीत जास्तीचं पेट्रोल उतरतं, वाटी परत भरते, आणि नळी वर आणली की ते जास्तीचं पेट्रोल परत वाटीत शिरून पातळी खोटी वर दिसते. अशा वेळी नळी रिकामी करून पुन्हा सुरुवात करायची.

नळी लावल्यावर थांबण्याचीही गंमत असते. पातळी जागेवर येऊन थांबली, पण दहा मिनिटांनी बघता तर २ मिलिमीटर वर सरकली आहे, तर फ्लोटचं माप बरोबर असूनही निडल बसत नाही. ही खूण जेटच्या नादात कोणी बघतच नाही.

योग्य आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात मिळतो. तो कार्बोरेटरप्रमाणे बदलतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा उसना घेऊ नका. पुस्तक नसेल तर बॉडीवर कोरलेला नंबर टिपून त्यावरून माहिती शोधा. आणि पुस्तकात काय दिलंय ते नीट वाचा. पेट्रोलची पातळी वेगळी, फ्लोटची उंची वेगळी. दोन्ही मिलिमीटरमध्येच असतात, म्हणून गल्लत होते.

फ्लोटची उंची मोजणं

तोटी नसेल किंवा पातळी चुकीची निघाली असेल तर वाटी काढावी लागते. जपानी कार्बोरेटरचे फुलीचे स्क्रू जेआयएस (जपानी मानकाच्या) प्रकारचे असतात. साध्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरने त्यांची डोकी हमखास खाल्ली जातात. जेआयएसचा नसेल तर निदान घट्ट बसणारा घ्या आणि दाबून फिरवा.

आत फ्लोट एका बारीक पिनवर झुलतो. त्याच्या मुळाशी एक छोटी पत्र्याची जीभ असते, ती निडलला दाबते. निडलच्या पाठीला बहुतेक वेळा स्प्रिंगवर बसलेलं पिटुकलं टोक असतं. सगळी मेख त्या टोकात आहे. कार्बोरेटर पूर्ण उलटा धरला तर फ्लोटच्या वजनाने ते टोक आत दबतं आणि माप चुकतं. म्हणून कार्बोरेटर आधी पिन वरच्या बाजूला येईल असा उभा धरा, फ्लोट लोंबू द्या, मग हळूहळू तिरका करत जा. जीभ त्या टोकाला नुसती टेकेल, ते दबणार नाही, तिथे थांबा. साधारण ६० ते ७० अंशांचा तिरकेपणा होतो. आता बॉडीच्या सपाट कडेपासून फ्लोटच्या सगळ्यात लांबच्या कडेपर्यंत व्हर्निअरने (बारीक माप घेणाऱ्या सरकत्या पट्टीने) मोजा.

व्हर्निअर एका हातात, कार्बोरेटर दुसऱ्यात, आणि डोळा टोकावर, असं तीन हातांचं काम आहे. मी जाड पुठ्ठ्यात हव्या त्या मापाची खाच कापतो आणि ती बॉडीवर उभी ठेवतो. फ्लोट खाचेच्या वरच्या कडेला जेमतेम घासला पाहिजे. मागून उजेड धरला तर अर्ध्या मिलिमीटरची फटसुद्धा दिसते. फ्लोट जोडीचा असेल तर दोन्ही बाजू बघा. एक वर एक खाली असेल तर मधली पट्टी पिळली आहे.

गॅस्केटसह (वाटीच्या सांध्यातल्या पट्टीसह) मोजायचं की गॅस्केट काढून, हेही पुस्तकात दिलेलं असतं. गॅस्केट मिलिमीटरभर जाड असू शकतं, आणि आपण अर्ध्या मिलिमीटरसाठी भांडतोय.

आता ज्यावर सगळे अडखळतात तो मुद्दा. उलट्या कार्बोरेटरवर आकडा मोठा आला, म्हणजे फ्लोट बॉडीपासून लांब आहे, तर सरळ केल्यावर तो खाली लोंबतो आणि पेट्रोल खाली असतानाच भोक बंद करतो. म्हणजे उंचीचा आकडा मोठा, पेट्रोलची पातळी खाली, गाडी लीनकडे. आकडा लहान, पातळी वर, गाडी रिचकडे. हे उलटं नातं कागदावर लिहून समोर ठेवा. हे माहीत असूनही मी एकदा उलटं वाकवून बसलो होतो.

जीभ निडलच्या दिशेने वाकवली की भोक लवकर बंद होतं, पातळी खाली जाते. निडलपासून लांब वाकवली की पातळी वर. वाकवताना फ्लोट काढून हातात घ्या, जीभ बारीक नाकाच्या पकडीत धरा आणि केसभरच वाकवा. पिनपासून जीभ जवळ आणि फ्लोट लांब असल्यामुळे जिभेवरचा थोडासा फरक फ्लोटच्या टोकाला दुपटी-तिपटीने वाढतो. फ्लोट जागेवर असतानाच दाबून वाकवू नका, निडलच्या रबरी टोकावर खाच पडते. पिन काढताना ती ज्या दोन खांबांत असते ते ठोकू नका. काही पिनांना एका बाजूला डोकं असतं, त्या एकाच दिशेने निघतात. खांब तुटला तर बहुतेक वेळा बॉडी गेली म्हणून समजा.

काही प्लास्टिकच्या फ्लोटला वाकवायची जीभच नसते. तिथे फक्त तपासायचं, आणि चूक निघाली तर निडल किंवा फ्लोट बदलायचा. प्लास्टिक तापवून वाकवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

लेव्हल लावली तरी परत का बिघडते

जीभ आपोआप वाकत नाही. महिन्याभराने पातळी परत वर आली तर कारण दुसरीकडे आहे, आणि तिथे पुन्हा जीभ वाकवणं म्हणजे दोष झाकणं.

निडलचं रबरी टोक भिंगाखाली बघा. झिजलेल्या टोकावर गोल कंगोरा उठलेला असतो, नख फिरवलं तर अडकतं. असली निडल कधी बसते, कधी नाही. निडल ज्या पितळी सीटवर बसते ती सीट कापूस गुंडाळलेल्या काडीने पुसा, वाळूचा कण तिथेच सापडतो. असा कण सापडला तर टाकी आणि फिल्टर बघितल्याशिवाय काम पुरं झालं असं मानू नका.

काढता येणारी सीट असेल तर तिच्या भोवती एक ओ-रिंग (रबरी कडं) असते. ती कडक झाली की पेट्रोल निडलला न विचारता बाहेरून वाटीत उतरतं. निडल नवी, फ्लोट नवा, उंची बरोबर, तरी ओव्हरफ्लो, असं असेल तर दहापैकी बऱ्याच वेळा हीच असते, आणि पुष्कळ रिपेअर किटांत ती नसते. तपासायला सोपं आहे: कार्बोरेटर उलटा करा म्हणजे फ्लोटच्या वजनाने निडल बंद राहील, पेट्रोलच्या नळीत हलकी फुंकर मारा. हवा निसटली तर सीटभोवती साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठून येतात ते पाहा. निडलच्या टोकाजवळून की सीटच्या कडेने, ते लगेच कळतं. नंतर साबण नीट धुऊन वाळवा.

पितळी फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो भोकाने गळतोय. जवळपास उकळत्या पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे येतात. बुडवण्याआधी आतलं पेट्रोल पूर्ण निथळलेलं हवं. झाळ देऊन भोक बुजवता येतं, पण आत पेट्रोल शिल्लक असताना झाळ देणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण, आणि झाळेच्या वजनाने फ्लोट जड होऊन पातळी वर जाते. फोमचा किंवा बुचाचा फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो. तो उंचीच्या मापात बरोबर येतो आणि पेट्रोलात मात्र खोल बुडतो. ही चूक पुठ्ठ्याच्या खाचेला सापडत नाही, नळीला सापडते. म्हणूनच मी नळीला मान देतो. आणि वाटी पाण्याने भरून बघू नका, पाणी पेट्रोलपेक्षा जड असतं, फ्लोट जास्त तरंगतो.

वाटीत हवा येण्याची नळी दुमडली किंवा मातीने बुजली तरी गाडी विचित्र वागते, आणि सगळी मापं बरोबर निघतात. ती नळी काढून फुंकायला अर्धा मिनिट लागतं.

दोन किंवा चार कार्बोरेटरची गाडी असेल तर सगळ्यांची पातळी सारखी हवी. मी अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवतो. एकच सिलिंडर काळा पडत असेल तर त्याच्याच वाटीपासून सुरुवात करा.

पातळी बरोबर आली की गाडीत मधल्या काळात केलेले सगळे प्रयोग परत घ्या: मूळ नंबरचे जेट, क्लिप मूळ खाचेत, स्क्रू पुस्तकात दिलेल्या फेऱ्यांवर, नवा प्लग. मगच गाडी बाहेर काढा. माझ्या गाडीत जुनीच निडल परत घातली, टोक बऱ्यापैकी शाबूत होतं, आणि योग्य लांबीची नवी मिळेपर्यंत तिच्यावरच चाललो. बदललेले पाचही जेट पिशवीत बांधून ठेवले आहेत. दीडशे किलोमीटरनंतर प्लग काढला तर खरा तपकिरी होता, आणि नळीतली पातळी दहा मिनिटांनीही तिथेच होती.